हिमहंसांच्या शिकारीला तिसरा माणूस

विनोना, मिनेसोटा
११ जानेवारी २००४

प्रिय ऑर्विन,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, खुर्ची ओढून बस. येत्या वसंतात मी हिमहंसांच्या शिकारीला जाणार आहे. हो, मीच. तुझी धाकटी बहीण, जिने एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे तिकिटं विकली आणि जी आता निवृत्त होऊन मोजे विणत बसेल अशी तुझी समजूत आहे.

फोन केला नाही, कारण फोनवर तू दोनदा 'हं' म्हणतोस, तिकडचं तापमान सांगतोस आणि ठेवून देतोस. पत्रात निदान पान तरी भरावं लागतं.

बाबा दर हिवाळ्याच्या तोंडाशी तुला घेऊन शिकारीला जायचे आणि मी आईबरोबर दारात उभी राहून हात हलवायची. तुम्ही परत आलात की पिसं काढायला मात्र मी. माझी त्रेसष्ट वर्षं झाली, पिसं पुरेशी काढून झाली. आता हंस खाली उतरताना कसे दिसतात ते मला बघायचंय.

तुमच्याच भागातल्या तीन गाइड लोकांची माहितीपत्रकं मागवली होती, ती सोबत पाठवते. पहिल्याकडे राहायला मोठं घर आहे आणि अंगणात गरम पाण्याचा हौद. दुसरा दिवसाला शंभर पक्ष्यांची हमी देतो. तिसऱ्याने, कर्ट शाफर नावाच्या, वहीचं पान फाडून पेन्सिलने लिहिलंय आणि त्यात 'हंस'सुद्धा चुकवलाय. यातला कोण निवडू? आणि तूही यायचंस, हे वेगळं सांगायला नकोच.

तुझी,
आर्डिस


हेक्ला, साउथ डकोटा
२० जानेवारी

आर्डिस,

बसून वाचलं. मग उठून पुन्हा वाचलं, अर्थ तोच निघाला.

तू आयुष्यात एकदा बंदूक चालवलीस, १९५७ साली. नेम डब्यावर होता, भोक पडलं गुरांच्या पाण्याच्या टाकीला. बाबांनी ते बुजवलं, पण टाकी शेवटपर्यंत ठिबकत राहिली. इथल्या हंसांना ही गोष्ट ठाऊक असावी, कारण तू गाव सोडल्यापासून त्यांची संख्या भरमसाट वाढलीय. म्हणूनच तर सरकारने वसंतातही शिकार खुली केली. इतके झालेत की उत्तरेला जाऊन तिथलं गवत मुळासकट उपटून खातात.

आता तुझे गाइड. गरम पाण्याच्या हौदात बसून हंस बघणारा माणूस शिकारी नसतो, रश्श्यातला बटाटा असतो. तो बाद. शंभर पक्ष्यांची हमी देणाऱ्याला विचार, हंसांनी त्याला लिहून दिलंय का. तोही बाद. शाफरला मी ओळखत नाही, त्याचा बाप मात्र सरळ माणूस होता. ज्याला शब्द नीट लिहिता येत नाही तो कदाचित पक्षी नीट बघत असेल.

ठरवण्याआधी त्याला फोनवर विचार. तू एकाच शेतात दिवस काढतोस की हंस सरकले की तूही सरकतोस? बर्फ मागे हटतो तसे ते रोज पुढे जातात, आणि आळशी गाइड कालच्या शेतात बसून राहतो. लपून बसायच्या एका लपणीत किती माणसं बसवतोस? चारच्या वर म्हणाला तर ठेवून दे. वारा पडला तर काय करतोस? आणि शेवटी कुत्र्याचं नाव विचार. कुत्र्याबद्दल पाच मिनिटं बोलला तर माणूस चांगला.

मी येत नाही. पाठ धरलीय. शिवाय ज्या गावात जन्म काढला तिथे हंस दाखवायला माणूस ठेवायचा म्हणजे माझं जेवण दुसऱ्याने चावून द्यावं तसं झालं.

ऑर्विन

उणे चोवीस. वारा वायव्येचा.


विनोना
२९ जानेवारी

प्रिय ऑर्विन,

तापमान लिहिल्याशिवाय तुला सही सुचत नाही का?

शाफरला फोन केला. एका शेतात बसत नाही, पाच शेतकऱ्यांशी त्याचं बोलणं झालेलं आहे आणि रोज संध्याकाळी गाडी घेऊन हंस कुठे चरतात ते बघून येतो. लपणीत चारच माणसं, तो धरून. वारा पडला तर काय करतोस, म्हटलं. म्हणाला, "बाई, मग आम्ही सगळे मिळून देवाला शिव्या देतो आणि कॉफी पितो." कुत्रीचं नाव पर्ल. तिच्याबद्दल तो अकरा मिनिटं बोलला, मी घड्याळ लावलं होतं. तिला बर्फात झोपायला आवडतं, पण पायपुसणं ओलं असलं तर त्यावर पाय ठेवत नाही.

तेव्हा शाफर ठरला. तीस मार्च. परवान्याचा अर्जही भरला. त्यात मी 'परराज्यातली पाहुणी' आहे. हेक्लाच्या चर्चच्या तळघरात माझं बारसं झालं, हे लिहायला अर्जात जागाच नव्हती.

एक अडचण आहे. तो तीन माणसांपेक्षा कमी घेत नाही. मी एक, तू दोन (पाठीला शेकायची पिशवी मी आणते). तिसरा तुझा शिकारीचा जोडीदार, गेलन. तुम्ही दोघं चाळीस वर्षं एकाच चिखलात पालथे पडून होतात, तर त्याला सोडून कसं जायचं?

आर्डिस


हेक्ला
५ फेब्रुवारी

आर्डिस,

गेलन नको. त्याचे गुडघे गेलेत आणि यंदा गायी लवकर विणार आहेत. तुझ्या बोलिंगच्या मैत्रिणींपैकी दोघी घेऊन ये. मीही नाही.

कपड्यांचं मात्र नीट ऐक. आतून लोकर, सुती काही घालू नकोस. ते ओलं झालं की दिवसभर अंगाला थंड फडकं चिकटून राहतं. बूट मांडीपर्यंतचे. मार्चच्या शेवटी इथली जमीन वरून विरघळते आणि खाली दगड असते. चालताना पाय ओढायचा नाही, टाच आधी सोडवायची, नाहीतर बूट तिथे आणि तू पुढे. हातमोजे दोन जोड. पोलादी छर्र्यांची काडतुसं घे, शिशाची चालत नाहीत. बंदूक भाड्याने आणू नकोस, जी खांद्याला सवयीची तीच आण. अर्थात तुझ्या खांद्याला सवय पोस्टाच्या पिशवीची आहे.

आणि कानात बोळे घाल. हे विसरू नकोस.

ऑर्विन


विनोना
१४ फेब्रुवारी

प्रिय भाऊराया,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला सगळं समजलं. तुझी पाठ ठणठणीत आहे. लपणीत शेजारी बहीण बसलेली हेक्लाच्या लोकांनी बघू नये, एवढंच तुझं दुखणं. पन्नास वर्षांपूर्वी बाबांनी जे म्हटलं तेच तू म्हणतोयस, फक्त त्यांनी पाठीचं निमित्त केलं नव्हतं.

तर आता माझंही गुपित ऐक. दोन वर्षं झाली, दर गुरुवारी मी इथल्या बायकांच्या नेमबाजीच्या गटात जाते. यंत्रातून मातीच्या तबकड्या उडवतात, त्या हवेत फोडायच्या. पंचविसातल्या एकवीस. मागच्या गुरुवारी बावीस. बंदूक माझी स्वतःची आहे आणि माझ्या खांद्याला पोस्टाच्या पिशवीपेक्षा तिची सवय जास्त आहे. पाण्याची टाकी गावात आता उरली असेल तर झाकून ठेव.

आणि दुसरं. गेलनला मी फोन केलाच. गायी मार्चच्या मध्यापर्यंत उरकतात म्हणाला. गुडघ्यांना काही झालेलं नाही. पण त्याला कधीपासून ऐकू येईनासं झालं? प्रत्येक वाक्य मला ओरडून सांगावं लागलं, शेजारीण दार वाजवून विचारून गेली. तुझं नाव घेतलं तर म्हणाला, "ऑर्विनला माहीत आहे, मी येणार ते?" मी म्हटलं, त्याला कशाला माहीत असायला हवं? तो म्हणाला, "मी येतो."

तुम्हा दोघा म्हाताऱ्यांचं कशावरून तरी वाजलेलं दिसतंय. कुंपण असेल नाहीतर कुत्रा. तीस तारखेच्या आत मिटवा.

आर्डिस


(पोस्टकार्ड)

विनोना, २ मार्च

ऑर्विन, सतरा दिवस झाले. इतक्या वेळात हंससुद्धा टेक्सासहून नेब्रास्काला पोचतात. रागावला असशील तर तसं लिही. वारलास तरी कळव.
आ.


हेक्ला
७ मार्च

आर्डिस,

रागावलो नाही. चार पत्रं लिहिली आणि चारही चुलीत घातली. हे पाचवं मी बर्गस्ट्रॉमच्या दुकानाबाहेरच्या पेटीत आत्ताच नेऊन टाकणार आहे, म्हणजे मागे घेता येणार नाही.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च. गेलनच्याच मक्याच्या शेतात आम्ही दोघं आडवे पडलो होतो. चहूकडे आमचे जुने चिंध्यांचे खोटे हंस, अंगावर पांढरे डगले. धुकं इतकं की पायाचे बूट दिसत नव्हते. तो माझ्या डावीकडे होता. बराच वेळ काही आलं नाही. मग डावीकडून एकच पक्षी आला, खूप खाली, पंखांचा आवाज मी स्वच्छ ऐकला. मी उठून बसलो आणि बंदूक फिरवली. पांढरं दिसलं. मी चाप ओढला.

ते पांढरं गेलन होता. तोही उठून बसला होता.

छर्रे त्याच्या डोक्याच्या बाजूने गेले. नळीचं तोंड आणि त्याचा उजवा कान यांच्यात एक वीतही अंतर नव्हतं. तो कान धरून चिखलात आडवा झाला. मला वाटलं, संपलं. मग तो उठला आणि म्हणाला, "मला काही झालेलं नाही." त्याने खोटे हंस गोळा केले, एकट्याने, मला हात लावू दिला नाही. गाडी चालवून मला घरी सोडलं. वाटेत मी काही बोललो नाही. त्यानंतरही नाही. त्या आवाजाने त्याचा कान गेला हे मला तीन आठवड्यांनी दुकानात दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

तो माझ्यापासून तीन मैलांवर राहतो. त्याची गाडी दुकानाबाहेर दिसली की मी वळून घरी येतो. दोन वर्षं मी दाणे, दूध, खिळे, सगळं त्याची गाडी नसताना आणतो.

अजून एक आहे. माझ्या उजव्या डोळ्यावर तेव्हाही पडदा होता. मला माहीत होतं, आणि तरी मी गेलो. आता तो डोळा दुधाळ झालाय. मी फक्त दिवसा गाडी चालवतो.

तुझं मुलगी असणं आणि माझं न येणं यांचा काही संबंध नाही. बावीस तबकड्या चांगल्या आहेत. बाबांना अठराच्या वर कधी जमल्या नाहीत.

ऑर्विन


विनोना
१२ मार्च

प्रिय ऑर्विन,

पत्र वाचलं आणि आधी तुझ्याबद्दल जे जे लिहिलं होतं ते आठवून मलाच ओशाळल्यासारखं झालं. कुंपण आणि कुत्रा म्हणे. एकतीस वर्षं लोकांची पत्रं हाताळली आणि भावाचं एक वाचता आलं नाही.

तुझी समजूत घालणार नाही, कारण तू चुकलास. डोळ्याबाबतीत चुकलास आणि नंतर त्याच्या दारात गेला नाहीस, त्यात जास्त चुकलास. हे तुला माझ्याआधीच माहीत आहे, म्हणून पुन्हा लिहीत नाही.

काल गेलनला फोन केला. तुझं पत्र वाचून दाखवलं नाही, एवढंच ओरडून सांगितलं (फोन तो अजून सवयीने उजव्याच कानाला लावतो म्हणे) की ऑर्विनने मला सगळं लिहिलंय. शेजारणीलाही आता बरंच कळलंय. तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत देते: "पहिलं वर्षभर मी वाट पाहिली, तो येईल म्हणून. दुसऱ्या वर्षी राग आला होता, म्हणून वाट पाहिली. आता कंटाळा आलाय. त्याला सांग, माझ्या बहिऱ्या बाजूला बस. तिथे बिघडण्यासारखं काही उरलेलं नाही."

शाफरला मी यातलं काही सांगितलं नाही, पण विचारलं की बंदूक न घेता एक माणूस आला तर चालेल का. तो म्हणाला, पर्लही बंदूक आणत नाही, तिला कुणी काही म्हणत नाही.

यायचं की नाही ते तू ठरव. मी एकोणतीसला दुपारी तुझ्याकडे पोचते. बटाट्याची हॉटडिश मी इथेच ओव्हनमध्ये भाजून आणते. तू दरवेळी ती करपवतोस.

आर्डिस


हेक्ला
१९ मार्च

आर्डिस,

पाणथळीच्या कडेचा बर्फ सुटला. काल पहिले दोनेक हजार हंस उंचावरून गेले, उतरले नाहीत.

तुझी खोली झाडून ठेवली. ओले बूट ठेवायला पडवीत जागा केलीय. आपली दोघांची शिदोरी मी बांधतो: सॉसेज आणि पाव.

मी बंदूक आणणार नाही.

ऑर्विन

दोन अंश. वर, शून्याच्या.


विनोना
४ एप्रिल

प्रिय ऑर्विन,

घरी पोचून तीन दिवस झाले. कानाच्या मागे अजून चिखल सापडतो. गुरुवारी नेमबाजीच्या गटाने मला उभं करून सगळं सांगायला लावलं. त्यांना सांगितलं ते तू वाच, म्हणजे तुझ्याकडे कुणी वेगळं सांगितलं तर माझी बाजू तुला ठाऊक असेल.

सांगितलं की बूट एकदाच अडकला. (तीनदा अडकला.) सांगितलं की खोटे हंस म्हणून लावलेल्या हजारभर पांढऱ्या पिशव्या काठ्यांवर वाऱ्याने फुगून डोलत होत्या आणि अंधारात मी त्यातल्या एकीला "गुड मॉर्निंग, कर्ट" म्हणाले. हे मात्र खरं सांगितलं. सकाळी दहापर्यंत आकाश रिकामं, थवे बोलवायला लावलेल्या यंत्रातले हंस बेंबीच्या देठापासून ओरडतायत आणि कर्ट दर पाच मिनिटांनी माफी मागतोय. मग वारा फिरला.

पुढचं मला धड सांगता आलं नाही. इतके पक्षी एकाच जागी घिरट्या घालत खाली येतात, पंखांच्या आवाजाने छाती हलते, हे तू मला चाळीस वर्षांत एकदाही का सांगितलं नाहीस? कर्ट "मारा" म्हणाला आणि मी तशीच बसून राहिले, तोंड उघडं. बावीस तबकड्यांची बाई. दुसऱ्या थव्याला तीन पाडले. किती काडतुसांत ते गटाला सांगितलं नाही, तूही सांगू नकोस.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. पहिल्या थव्याला गेलनने बंदूक उचलायच्या आत सगळे उडून गेले होते, कारण कर्टचं "मारा" त्याला ऐकूच आलं नव्हतं. दुसऱ्या थव्याच्या वेळी मी दुसऱ्या टोकावरून बघितलं. तुझा डावा हात त्याच्या गुडघ्यावर होता. कर्टने तोंड उघडायच्या आत तू दोन बोटांनी टकटक केलीस, आणि तो उठला. दिवसभर तसंच चाललं होतं. तुम्ही एकमेकांकडे बघत नव्हता.

मग मी कर्ट आणि पर्लबरोबर पक्षी गोळा करायला गेले तेव्हा तुम्ही दोघंच आत होता. चांगला अर्धा तास. मी मुद्दाम सावकाश चालले, दोन पक्षी तर दोनदा मोजले. काय बोललात?

आर्डिस

ता. क. ॲबर्डीनच्या डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर मी तुझ्या फ्रिजवर चिकटवून आले होते. तू तो काढून टाकशील याची खात्री होती, म्हणून एक गेलनलाही दिला.


हेक्ला
२२ एप्रिल

आर्डिस,

ओळी वाकड्या दिसतील. एका डोळ्यावर पट्टी आहे. हा तुझा विजय, मोठ्याने साजरा करू नकोस.

तू विचारलंस म्हणून सांगतो. लपणीत आम्ही काही बोललो नाही. मी "गेलन, त्या दिवशी" एवढं म्हणालो आणि तो म्हणाला, "कॉफी ओत." ओतली. मग त्याने विचारलं, हंसांचं सॉसेज करणार की वाळवणार. मी म्हटलं, सॉसेज. तू आलीस तेव्हा मसाल्यात मिरी किती घालायची यावर आमचं बिनसलं होतं. तुला वाटलं असेल, काहीतरी मोठं चाललंय.

मला वाटलं, झालं, आता बोलणं राहूनच गेलं. पण सोमवारी सकाळी सात वाजता दारात हॉर्न. गेलन, गाडी चालू ठेवून. म्हणाला, "डॉक्टरने नऊची वेळ दिलीय. दात घासलेस का?" मी म्हटलं, मी कुठलीही वेळ घेतलेली नाही. म्हणाला, "मी घेतलीय. ऐकू न येणाऱ्या माणसाने फोनवर वेळ घेतलीय, तेव्हा आता नाही म्हणू नकोस."

गाडीत मी त्याच्या उजव्या हाताला बसलो, म्हणजे बहिऱ्या बाजूला. रस्ता सरळ, दोन्हीकडे पाणी साचलेली शेतं, आणि हंस सगळे वर निघून गेलेले. तिथे मी बोललो. त्याला ऐकू जात नाहीये अशा समजुतीने बोललो, त्यामुळे सगळं बोललो. पांढरं दिसलं ते. डोळ्याचं माहीत होतं ते. दुकानाबाहेरची त्याची गाडी आणि दोन वर्षांचे खिळे. तुला लिहिलं नव्हतं तेही, की त्या दिवशी तो चिखलात पडला तेव्हा एक क्षण मी पळून जायचा विचार केला. बोलता बोलता आठ-दहा मैल गेले असतील. तो समोर बघत गाडी चालवत राहिला. मी थांबलो तेव्हा म्हणाला, "बरं." आणि हीटर कमी केला.

काय ऐकलं आणि काय नाही, मी विचारलं नाही.

दवाखान्यात खिडकीमागच्या पोरीने कागद भरायला घेतले. डोळा कापल्यावर घरी कोण नेणार, बरोबर कोण आलंय, तुमचं नातं काय. मी खालच्या आवाजात म्हणालो, "मित्र आहे."

गेलन शेजारीच उभा होता. म्हणाला, "काय म्हणालास?"

मी जरा मोठ्याने सांगितलं. त्याने मान हलवली, कानामागे हात धरला आणि पुन्हा, "काय?"

मग मी ओरडलो, आर्डिस. अख्ख्या दवाखान्यात ऐकू गेलं. पट्ट्या बांधलेल्या सात-आठ म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. ती पोरगी म्हणाली, "लिहिते, सर, लिहिते." गेलनने समाधानाने मान हलवली आणि मासिक घेऊन खुर्चीत जाऊन बसला.

डॉक्टर डोळ्यात थेंब टाकत होते तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो. तो कान त्याचा शाबूत आहे.

ऑर्विन